नाळेपाशी चार बोटं

"नोल्फे, दिवा आण गं!"

होडीच्या पोटातून बाप अशी हाक मारायचा. दिवा म्हणजे कंदील नव्हे. दिवा म्हणजे नोल्फाचा हात. अगदी पुढे, नाळेपाशी, जिथं दोन्ही अंगांच्या फळ्या गालाला गाल लावून भेटतात, तिथं बेलार्मिनो चिग्वायची मूठ शिरत नसे. नऊ वर्षांच्या पोरीचा हात मात्र सुळकन आत जाई. आलेर्से झाडाची साल कुटून कुटून लोकरीसारखी मऊ केलेली असायची. तिची वात वळायची, फटीत सारायची, बोथट पाचरीनं दाबत जायची. बाहेरून बाप मोगरीचे ठोके घालायचा आणि ठोक्यावर गाणं म्हणायचा:

पहिली भरू फट, नाळेच्या नाकापाशी,
दर्या उभा उपाशी, दाराबाहेर.

दुसरी भरू फट, कुशीच्या वळणाला,
नको देऊ पाण्याला, बसाया पाट.

तिसरी भरू फट, तळाच्या काळोखात,
लेकीचा इवला हात, माझा दिवा.

पुल्केनच्या किनाऱ्यावर ते गाणं आता कुणी म्हणत नाही. चिलोएच्या बेटांवर होड्या बांधणारे हात एकेक करून थकले. फायबरच्या होड्या आल्या. त्यांना फटीच नसतात, मग गाणं कशाला? पण आलेर्सेचा वास नाकाशी आला, की तेहतीस वर्षांमागची ती हाक नोल्फाच्या कानाशी येऊन थांबायची. आता मागे वळलं तर बाप दिसेल, असं वाटायचं. म्हणून ती वळत नसे.

नोल्फा बेचाळीस वर्षांची. बापाच्याच घरात राहायची, बटाटे लावायची, लोकर कातायची, ओहोटी लागली की किनाऱ्यावर शेवाळ गोळा करायची. गुडघ्याइतक्या पाण्यापर्यंत जायची, त्यापुढे पाऊल नाही. आचाओच्या बाजाराला जायचंच झालं तर मोठ्या बोटीत, मधल्या बाकावर, डोळे मिटून. गावाला याचं नवल नव्हतं. ज्या पोरीचा बाप दर्यानं नेला, तिनं दर्याशी अबोला धरला तर त्यात काय! गावाला नवल होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. नोल्फा मिल्काव खात नसे. किसलेल्या बटाट्याची, डुकराच्या चरबीत मळलेली, निखाऱ्यावरची जाडजूड भाकर. आई लेकराला दुधानंतर तीच देते. आणि ही बाई ताट पुढे आलं की मान फिरवायची.

"बटाट्याच्या बेटावर जन्मून मिल्काव न खाणारी ही एकटीच," तिचा काका एदिक्तो म्हणायचा. "हिला पाळण्यात कुणीतरी बदललंय."

नोल्फा हसायची. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही. नवरा पुढे दक्षिणेला मेंढ्या कातरायला गेला आणि तिकडचाच झाला. लेकीलाही तिनं सांगितलं नव्हतं.

कारण असं होतं. गावच्या संताची जत्रा उद्यावर आलेली. बापाची नवी होडी किनाऱ्यावर उभी, सगळ्या फटी भरलेल्या, फक्त नाळेकडची शेवटची राहिलेली. बाप म्हणाला, "दिव्या, एवढी भर आणि ये." आणि तो डांबर तापवायला गेला. नोल्फा आत अंधारात बसून फट भरत होती. शेवटची चार बोटं उरली असतील नसतील, तोच वरून आईची हाक आली: "नोल्फे, मिल्काव निघाले! गरम आहेत तोवर ये!" तिनं पाचर खाली ठेवली. मनात म्हणाली, खाऊन येते. खाल्ला, दुसरा खाल्ला, मग झोप आली. सकाळी डोळे उघडले तेव्हा उधाणाच्या भरतीबरोबर होडी गेलेली होती. पलीकडच्या किनाऱ्यावरून ओंडके आणायला बाप जत्रा सोडून निघाला होता, एकटा. दुपारी वारा उलटला. चौथ्या दिवशी एक वल्हं आलं. बाप आला नाही.

चार बोटं. तेहतीस वर्षं नोल्फा स्वतःच्या हाताकडे बघून तेवढंच मोजत आली.

*

फेब्रुवारीत, इथला उन्हाळा सरत असताना, यास्ना आली. नोल्फाची लेक वीस वर्षांची, बाल्दिव्हिया शहरात शिकायची आणि सुट्टीत तिथल्या नदीवर लोकांना कयाकमधून फिरवायची. तिच्या काखेत कागदाची भलीमोठी गुंडाळी होती. आल्या आल्या ती आजोबांच्या होडीच्या शेडमध्ये शिरली आणि मान वर करून उभी राहिली.

"आई, आजोबांची ही लाकडं कुणासाठी ठेवलीयस? उंदरांसाठी?"

वाशांवर आलेर्सेच्या फळ्या होत्या. बेलार्मिनोनं पुढच्या होडीसाठी राखलेल्या. प्रत्येक फळीच्या टोकाला सुताराच्या शिसानं लिहिलेलं: उतरत्या चंद्रात तोडलं. चढत्या चंद्रात तोडलेलं लाकूड पाणी पितं आणि कुजतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तेहतीस वर्षं त्या फळ्यांना कुणी हात लावला नव्हता. आलेर्सेचं नवं झाड तोडायला आता बंदी. असलं लाकूड मागूनही मिळत नाही.

"आहेत तिथं असू देत," नोल्फा म्हणाली.

"मला कयाक बांधायचीय. पट्ट्यांची. हे बघ." यास्नानं कागद उलगडला. लांबट, दोन्हीकडे निमुळती अशी काहीतरी आकृती होती. "फळीच्या बोटभर रुंद पट्ट्या काढायच्या. एका कडेला खोबण, दुसरीला गोलाई. एकीत एक बसवत जायची, मध्ये गोंद. आत बरगड्या नाहीत, एक खिळा नाही."

दारात एदिक्तोकाका उभा होता. साठी ओलांडलेला, वाळक्या माशासारखा, हातात नळीनं ओढायचा येर्बाचा कडू चहा. तरुणपणी फटी ठोकून ठोकून त्याचा डावा कान गेलेला. न ऐकायची गोष्ट असली की तो नेमका डावा कान पुढे करतो, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"ही होडी आहे की वालाची शेंग?" त्यानं विचारलं.

"शेंगच आजोबा. आत दाणा एकच."

"एकट्या माणसाची होडी," काका कागदाकडे बघत पुटपुटला. "एकट्यानं जाऊ नये दर्यात."

तो हे जरा चमत्कारिक आवाजात म्हणाला, पण तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. कारण यास्नानं शिडी लावलीही होती.

पहिली फळी चिरली, तेव्हा शेडभर वास पसरला. तांबूस, गोड, पावसात भिजलेल्या जुन्या देवळासारखा. नोल्फा दाराबाहेर उभी होती, तिथूनच तिनं विचारलं, "पट्ट्या कुठल्या बाजूनं लावणार?" दुसऱ्या दिवशी ती उंबऱ्यात होती. तिसऱ्या दिवशी गोंदाची बाटली तिच्या हातात.

लांब तुळईवर प्लायवुडचे सतरा साचे उभे केले, माशाच्या काट्यासारखे, मधले मोठे, टोकांचे लहान. त्यांच्यावर पट्टी वाकवायची. आलेर्सेची पट्टी वाकते ती रुसलेल्या पोरासारखी. जोर केला तर तटकन तुटेल, हात फिरवत राहिलं तर आपोआप मांडीवर येते. यास्ना भरभर काम करायची. नोल्फा संथ. पण नोल्फानं बसवलेल्या सांध्यात नख शिरत नसे.

"आई, तू कधी सुतारकाम केलंयस?"

"नाही गं. फटी भरल्यात फक्त."

यास्नानं कागदावर एक तांबडी रेघ दाखवली. तळ आणि वरचं झाकण जिथं भेटतात, तिथं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "सगळीकडे गोंद लाव, इथं नाही. दोन्ही एकाच साच्यांवर बांधायचं, पण एकमेकांना चिकटवायचं नाही. मग झाकण उचलायचं, साचे काढायचे, आतून काचेचं कापड आणि राळ लावायची, आणि शेवटी जोडायचं. तोवर ही फट उघडी."

काका ताडकन उठला. "फट सोडायची? जाणूनबुजून? पोरी, तुझ्या आजोबानं हे ऐकलं असतं तर मोगरी फेकून मारली असती."

"मारू देत. हुकली असती."

"त्याची कधी हुकत नसे," काका म्हणाला आणि चहा संपलेला असतानाही नळी ओढत राहिला.

मार्चमध्ये यास्ना परत गेली. तळाच्या अर्ध्या पट्ट्या लागल्या होत्या. धक्क्यावर तिनं आईला मिठी मारली. "जमेल तेवढं कर. सप्टेंबरच्या सुट्टीत मी येते, आणि मग समोरच्या बेटापर्यंत जाते. या होडीतून. आजोबांच्या लाकडातून."

बोट धुक्यात विरली. त्या वेळी नोल्फाला कळलं, आपण काय हाती घेतलंय ते. आपल्या हातानं भरलेल्या सांध्यांच्या भरवशावर आपली लेक त्या पाण्यात जाणार. ती धक्क्यावर उभी राहिली आणि उजव्या हाताची बोटं मोजली. चार. अंगठा धरून पाच.

*

हिवाळा चिलोएत येतो तो जात नाही. वाफेसारखा घरात राहतो. पाऊस पत्र्यावर, पाऊस समुद्रावर, पाऊस मेंढ्यांच्या पाठीवर. नोल्फानं शेडमध्ये लोखंडी शेगडी पेटवली. रोज सकाळी बटाट्यांचं आणि कोंबड्यांचं आवरून ती तिथं यायची आणि दिवसाला तीन पट्ट्या लावायची. कधी चार. गोंद सुकेपर्यंत पट्टीवर हात ठेवून बसायची. हाताखाली लाकूड उबदार व्हायचं, आणि तिला वाटायचं, याच्या आत कुणीतरी श्वास घेतंय.

एकदा बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. बाप शेडमध्ये आला होता. अंगावर नेहमीचा लोकरीचा सदरा, पण कोरडा, अगदी कोरडा. तो तळाच्या कडेनं चालत गेला आणि एकेका सांध्यावर अंगठा फिरवत गेला, आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावर फिरवतो तसा. नाळेपाशी येऊन थांबला. मान तिरपी करून ऐकत राहिला, जणू लाकडात दूर कुठं मोगरी वाजतेय. नोल्फा जागी झाली तेव्हा शेगडी विझत आलेली आणि दारात काळ्या मानेच्या हंसांची जोडी उभी, पावसाला कंटाळलेली.

तळ पुरा झाला. काका आणि ती, दोघांनी मिळून तो साच्यांसकट उलटा केला. काकानं कंबर धरून शिव्या दिल्या, होडीला नव्हे, वयाला. "पूर्वी अशी तीन होड्यांएवढी लाँच आम्ही दोघं भाऊ उलटी करत होतो. बेलार्मिनो आणि मी. तो गायचा, मी धापा टाकायचो."

"काका, तुम्ही तेव्हा बाबांबरोबर नेहमी जायचात ना? ओंडके आणायला?"

काकानं डावा कान पुढे केला. "हो, हो, पाऊस थांबेल दुपारी," म्हणाला, आणि गेला.

जुलैचा तो दिवस धुक्याचा होता. असं दाट धुकं की समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. झाकणाची पहिली पट्टी लावायची होती. नोल्फानं पट्टी उचलली. बाटली उचलली. ओठांवर कधी नव्हे ते गाणं आलं, आपोआप, तळाच्या काळोखात, लेकीचा इवला हात. हात चालू लागला. हाताला वर्षानुवर्षांची एकच गोष्ट ठाऊक होती. फट दिसली की भरायची. बोटभर नाही, नखभर नाही, केसभरही ठेवायची नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दुसऱ्या अंगाला. गाणं तीनदा म्हणून झालं. पट्ट्या दोरीनं आवळल्या, अंगठ्यानं चाचपल्या. कुठेही फट नव्हती. तिला इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी ती जेवायचीच विसरली. पुढे दहा दिवस तिनं झाकणाच्या पट्ट्या लावल्या, एका तंद्रीत, आणि झाकण मधल्या बसायच्या जागेपर्यंत मिटत आणलं.

अकराव्या दिवशी काका आला. शेंगेभोवती एक चक्कर मारली. बसायच्या भोकातून आत डोकावला. मग कडेच्या सांध्यावर नख ओढत नाळेपर्यंत गेला आणि तिथून मागे आला.

"नोल्फे."

"काय?"

"हे सतरा साचे आता कुठून काढणार? त्या भोकातून? माझं डोकं जात नाही त्यातून."

नोल्फानं सांध्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कागदाकडे. तांबडी रेघ तिथं होती, रोज होती.

काका आधी हसला. हसत हसत खोकला. "अस्सल चिग्वायची अवलाद! चिकटवू नको म्हटलं तेवढंच नेमकं चिकटवलं. अगं, ही आता होडी नाही, सतरा मुडद्यांची पेटी झाली! पोरीला सांग, आत पाय घालायचे असतील तर—"

तो थांबला. नोल्फा मटकन जमिनीवर बसली होती, भुशात. रडत नव्हती. हात मांडीवर उताणे टाकले होते.

"काका, मला फट सोडता येत नाही."

"अगं, चेष्टा केली मी. करवतीनं उघडू. पातळ पात्याची आहे माझ्याकडे. त्यात काय एवढं!"

"नाही. ऐका. उजव्या कानानं ऐका." आणि तिनं सांगितलं. बाहेर धुकं होतं, शेगडीवर किटली होती, आणि ती कुणा तिसऱ्याच पोरीची गोष्ट सांगावी तशी सांगत होती. नाळेपाशीची शेवटची फट. पाचर. आईची हाक. गरम मिल्काव, एक आणि वर दुसरा. "चार बोटं राहिली होती. मी परत गेले नाही. बाबांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण ते मला न उठवताच गेले. बाबांना मी बुडवलं, काका. आणि आता यास्ना जाणार."

काकाचा उजवा कान तिच्याकडे होता. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला वाटलं, हा माणूस आता काही बोलणार. त्याचे ओठ हलले. मग तो वळला, घरी गेला, आणि पातळ पात्याची करवत घेऊन आला.

दुपारभर तो करवत चालवत होता. सांध्याच्या रेघेवर, तिळभरही इकडे तिकडे न जाता. एका अंगानं नाळेपासून पिछाडीपर्यंत, मग दुसऱ्या. नोल्फा झाकण धरून उभी होती. भुसा तिच्या पायांवर पडत होता, तांबूस, बारीक, पिठासारखा. शेवटच्या वितीला झाकण आपसूक सुटलं आणि एक हलका उसासा टाकल्यासारखा आवाज झाला. आतले साचे उजेडात आले.

काकानं करवत पुसली. "रंधा मार कडेला," एवढंच म्हणाला. आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यात आला नाही. ऑगस्टमध्ये जत्रेचा दिवस उगवला आणि मावळला, तेव्हाही नाही. देवळात नोल्फानं त्याला लांबून पाहिलं. त्यानं डावा कान तिच्याकडे केला आणि मेणबत्तीत काहीतरी शोधत राहिला. नोल्फा समजून चुकली. त्याचाही भाऊच होता तो. सांगायला नको होतं. पण सांगून बसलं की शब्द, वाकवून चिकटवलेल्या पट्टीसारखा, परत सरळ होत नाही.

*

सप्टेंबरात यास्ना आली आणि कापलेल्या सांध्याची गोष्ट ऐकून इतकी हसली, की तिला उचकी लागली. "माझ्या एका मित्रानं पण हेच केलं होतं, आई. तो तर नळ दुरुस्त करणारा आहे, फट दिसली की त्याला झोप येत नाही." नोल्फा हसली नाही.

आठ दिवस कोरडी हवा लाभली. दोघींनी दोन्ही अर्ध्या भागांना आतून काचेचं कापड चढवलं, वरून राळ ओढली. राळ चढली तसं लाकूड ओलं झाल्यासारखं उजळलं. आतले तांबडे, मधाळ, काळसर पट्टे जागे झाले. बापानं राखलेली झाडं, एकेक रेषा उतरत्या चंद्राची. मग झाकण तळावर ठेवलं, आणि आतून, लांब काठीला कापडाची पट्टी बांधून, सांधा जोडला. नाळेपाशी हात पोचत नव्हता. नोल्फानं काठीनं एक थर दिला. दुसरा दिला.

"पुरे की," यास्ना म्हणाली.

"अजून एक."

"आई, ही कयाक आहे, पाणबुडी नाही."

नोल्फानं तिसरा थर दिला.

निघायचा दिवस ठरला तो उधाणाच्या भरतीचा, सकाळचा. वारा नव्हता. पाणी शेडच्या उताराशी येऊन गुपचूप उभं राहिलं होतं, पाहुण्यानं दारात उभं राहावं तसं. समोरचं बेट धुक्यात तरंगत होतं. खाली पाय नसलेलं. दोघींनी कयाक खांद्यावर आणली, वाळूत टेकवली. यास्नानं कमरेला बंद बांधले, वल्हं घेतलं, एक पाय आत टाकला.

नोल्फानं नाळ दोन्ही हातांनी धरली.

"सोड ना, आई."

"आज नको."

"का? हवा बघ कशी आहे. असा दिवस परत मिळणार नाही."

"नको म्हटलं ना. सांधा अजून बघायचा राहिलाय. नाळेकडचा."

"तीनदा बघितलास! कंदील घेऊन बघितलास!" यास्ना चिडली. मग तिनं आईचा चेहरा पाहिला आणि पाय बाहेर काढला. "आई? काय झालं?"

पाणी कयाकच्या पोटाला हात लावून मागे जात होतं, परत येत होतं. तिला एवढंच कळत होतं, की हे हात सुटले तर लेक जाईल, आणि आयुष्यभर हे हात सुटले नाहीत तर लेक कधीच कुठं जाणार नाही.

वाळूवर पावलं वाजली. एदिक्तोकाका येत होता. अंघोळ केलेला, जत्रेचा काळा कोट घातलेला, छातीशी कापडाची पुरचुंडी. जवळ येऊन त्यानं पुरचुंडी कयाकच्या पाठीवर ठेवली. वाफ आली. बटाट्याचा, चरबीचा, राखेचा वास.

"आजोबा, हे काय!" यास्ना म्हणाली. "आईला चालत नाही ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणूनच आणलाय." तो नोल्फाच्या समोर, नाळेच्या पलीकडे उभा राहिला. उजवा कान तिच्याकडे, डोळे पाण्याकडे. दोनदा घसा साफ केला. "दोन महिने मी तुला तोंड दाखवलं नाही. तू समजलीस, मी रागावलो. सांगतो ते मधे न बोलता ऐक. एकदा थांबलो तर परत माझ्याच्यानं होणार नाही."

नोल्फानं मान हलवली.

"चार बोटं नव्हती. तीन होती. मी मोजली, कारण मी भरली. त्या पहाटे, पाणी यायच्या आधी. बेलार्मिनोनं कंदील धरला होता. माझा हात तेव्हा बारीक होता, निम्मा आत गेला. तो म्हणाला, पोरगी झोपली असेल, दमली बिचारी, उठवू नकोस. वरून डांबर मी ओतलं. त्या फटीतून पाण्याचा थेंब आत गेला नाही, नोल्फे. ती तुझी फट नव्हतीच."

"पण तुम्ही तर त्या पहाटे..." नोल्फा मधेच म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, तुम्हाला जाग आली नाही. बाबा तुम्हाला न घेता गेले."

"सांगितलं. तुझ्या आईला सांगितलं, पाद्र्याला सांगितलं. तुझ्या काकूला, आउदोलियाला सुद्धा. ती मरेपर्यंत तेच सांगितलं, तिच्यापायीच तर राहिलो होतो, तिला कसं सांगणार? फट भरली असं बोललो असतो, तर किनाऱ्यावर होतो हे आलंच असतं. आणि तू ते ओझं घेऊन फिरतेयस, हे मला कुठं माहीत होतं? मला वाटायचं, तू नुसती बापासाठी झुरतेस." त्यानं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. "दोन माणसांची होडी होती ती. एक शिडाला, एक सुकाणूला. वारा उलटला की एकट्यानं दोन्ही होत नाही. त्यालाही ठाऊक होतं, मलाही. तो होडीत चढला आणि म्हणाला, चल एदिक्तो. मी म्हटलं, दादा, आज जत्रा आहे, दुपारी आउदोलिया पहिल्यांदा माझ्याबरोबर नाचणार आहे, मी येत नाही. तो हसला. म्हणाला, मग जा, नाच. आणि वल्ह्यानं वाळूला रेटा दिला."

पाणी कयाकच्या पोटाला लागून परत गेलं.

"मी गेलो, नोल्फे. वारा उलटला तेव्हा मी नाचत होतो."

नोल्फानं नाळेवरचे हात सोडले आणि पुरचुंडीची गाठ सोडली.